भटकंतीचे तास

निमगाव केतकी
४ जून

चि. निकिता,

आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तुझ्यावर सोडतो.

तू माझा नंबर बंद केलास, म्हणून हे पोस्टानं. आपल्या पोस्टातला यशराज पाकीट उलटसुलट करून म्हणाला, "तात्या, नागपूरला पत्र? फोन बिघडला का तुमचा?" मी म्हणालो, "फोन नीट आहे." पुढचं त्याला सांगायची गरज नव्हती. पिनकोड दोनदा ताडून लिहिला आहे. दादासाहेबमामांनी घर बदललं नसेल तर पोचेल.

काल तू आईशी बोलत होतीस तेव्हा मी पडवीत होतो. मुद्दाम ऐकलं नाही. पण तुझी आई फोनचा आवाज अख्ख्या आळीला पुरेल एवढा ठेवते, हे तुला माहीत आहे. कानावर आलं ते एवढंच: नागपूरचं कॉलेज तुला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला घ्यायला तयार आहे, पण बारामतीच्या दोन वर्षांतली दोन क्रेडिट कमी पडतात. पंधरा जुलैपर्यंत ती तुझ्या खात्यात दिसली तर प्रवेश, नाहीतर वर्ष गेलं. त्यानंतर तू म्हणालीस, "सगळ्यांच्या बापांनी सही केली. माझ्या बापानं मोजलं."

हे तू जाताना स्टँडवरही म्हणाली होतीस. तेव्हा गाडी सुटत होती, उत्तर द्यायचं राहिलं. आता देतो.

होय, मोजलं. मोजणं हा माझा धंदा आहे. जळालेली मोटार भरताना स्टेटरच्या खाचेत तारेचे जेवढे वेढे लागतात त्यात एक कमी घातला तरी मोटार फिरते. त्या दिवशी कुणाला काही कळत नाही. कळतं ते उन्हाळ्यात, शेतकऱ्याचं पीक पाण्यावर आलेलं असतं तेव्हा. तुझ्या कॉलेजनं मला कागद दिला. समाज-सहभाग प्रकल्प, दोन क्रेडिट, साठ तास. खाली प्रश्न, "सदर विद्यार्थिनीने आपल्या देखरेखीखाली किती तास काम केले?" किती लिहिले तर भागेल, असा प्रश्न नव्हता. तू माझ्या दुकानात बाकावर बसून एकेचाळीस तास काम केलंस. मी एकेचाळीस लिहिले. काम उत्तम होतं, तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हेही शेऱ्यात लिहिलं. ते कुणी वाचलेलं दिसत नाही.

तू विचारलं होतंस, "आणि मी बावड्याला जायची ते?" बावड्याला तू सिद्धूच्या टेम्पोतून दुरुस्त झालेल्या मोटारी पोचवायला जायचीस. मोटार उतरवायची, सही घ्यायची, परत यायचं. तू दुपार घालवून यायचीस. त्याला माझ्याकडं भटकंती म्हणतात. भटकंतीचे तास मी माझ्या स्वतःच्याही कामात धरत नाही.

एवढंच. आईला सांगितलं आहे की मला काही ऐकू आलं नाही.

तुझा
आप्पा


निमगाव केतकी
११ जून

चि. निकिता,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन आळीत शिरला की मी उगाच दारात येतो, आणि तो मान हलवून पुढं जातो. परवा वार्निशचा डबा उघडा राहिला आणि वरचा थर वाळून गेला. माझ्या हातून असं होत नाही. एक स्टेटर भरून झाला तो पुन्हा उसवला. काही चूक नव्हती. उगाच.

सोमवारी बारामतीला गेलो होतो. तुझ्यासाठी नाही. वार्निश आणायचंच होतं. कॉलेज वाटेत लागतं. (वाटेत लागत नाही, थोडं आत जावं लागतं.)

अनसूया मॅडमना भेटलो. तुमचे हे सगळे क्रेडिटचे प्रकार त्याच बघतात. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, "निकिताचे वडील ना? या, एकेचाळीसवाले." म्हणजे तिथं माझं बारसं झालेलं आहे.

मी म्हणालो, "मॅडम, मला हे सगळं पहिल्यापासून सांगा. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस आहे, पण समजून घेतल्याशिवाय उठत नाही."

त्यांनी सांगितलं. बाई चांगल्या आहेत, घाई केली नाही. पदवी म्हणजे आता नुसता मुख्य विषय नाही. भौतिकशास्त्र तर आहेच, पण शिवाय एक भाषा, पर्यावरण, योग किंवा खेळ, दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, आणि गावात जाऊन लोकांबरोबर केलेलं काम. प्रत्येकाची क्रेडिट ठरलेली. ती विद्यार्थ्याच्या नावावर एका खात्यात जमा होतात, आणि पोरानं कॉलेज बदललं, विद्यापीठ बदललं, तरी शिल्लक त्याच्याबरोबर जाते. आधीचं शिकलेलं फुकट जात नाही. फक्त एक रकाना रिकामा असला की पुढचं दार उघडत नाही.

खरं सांगतो, मला ती पद्धत आवडली. मी पहिली जळकी मोटार उघडली तेव्हा मला कुणी शिकवायला नव्हतं. एकेक वेढा उसवत, कागदावर काढत शिकलो. ते शिक्षण कुठल्या खात्यात नाही. उद्या मी दुसऱ्या गावात दुकान टाकलं तर पहिल्या मोटारीपासून पुन्हा परीक्षा. असो.

मी विचारलं, "पण भौतिकशास्त्राच्या पोरीला नाटक हा विषय कशाला लागतो?" दुसऱ्या वर्षी तू तो घेतलास तेव्हा मी काय बोललो होतो ते तुला आठवत असेल. मॅडम म्हणाल्या, "तिनं वर्गात सगळ्यात जास्त गुण त्यातच काढले. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस. मी विचारलंही नसेल.

मग मुद्द्याचं. मॅडम म्हणाल्या, "दहा जुलैपर्यंत निकालात दुरुस्ती करता येते. तुम्ही सुधारित दाखला द्या, मी पुढं पाठवते."

"सुधारित म्हणजे?"

"म्हणजे साठ."

मी उठलो. त्यांनी बसवलं आणि बाकीच्या पोरांचे दाखले पुढं सरकवले. सगळे साठ. कन्हेरीच्या एका खतवाल्यानं अकरा जणांना साठ-साठ तास दिले आहेत, एकाच शाईनं. ती अकरा पोरं त्याच्या दुकानात खरंच उभी राहिली असती तर त्याला स्वतःला रस्त्यावर बसून खत विकावं लागलं असतं. मी तसं म्हणालो. मॅडम हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "तुम्ही खरे आहात, मान्य. पण वर्ष पोरीचं जातंय."

मी एकेचाळीसचे साठ केले नाहीत. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

स्टँडवर आलो. इंदापूरची गाडी समोर लागलेली होती. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो आणि ती गेली. वार्निश घ्यायचं राहिलं.

आप्पा


निमगाव केतकी
१८ जून

चि. निकिता,

आज तुझ्या विषयावर लिहीत नाही. वेगळंच एक डोक्यात आहे आणि बोलायला माणूस नाही. तुझी आई ताट ठेवते आणि स्वयंपाकघरात जाते. काल मी म्हणालो, "भाजीत मीठ कमी आहे." ती म्हणाली, "मोजून टाकलंय."

बावड्याच्या मोटारी यायच्या बंद झाल्या आहेत.

दर वर्षी मे-जूनमध्ये बावड्याच्या नदीकडच्या त्या एका विजेच्या डीपीवरून सात-आठ मोटारी तरी जळून येतात. त्या डीपीवर सिद्धू धरून नऊ जणांचे पंप आहेत, सगळी माझी गिऱ्हाइकं. बानूबाईची तर एका वर्षात तीनदा आली होती. या वर्षी मेपासून एकही नाही. एकसुद्धा नाही! आधी वाटलं, पाऊस लवकर पडला असेल. पण पाऊस नाही. निमगावच्या येतात, शेळगावच्या येतात, बावड्याच्या नाहीत.

म्हणजे तिथं कुणीतरी दुकान टाकलं आहे. किंवा इंदापूरचा कुणी घरी येऊन मोटार घेऊन जातो आणि स्वस्तात भरून देतो. ॲल्युमिनियमची तार घालत असेल. बघच, दोन महिन्यांत सगळी परत माझ्या दारात येतील, आणि तेव्हा मी काय करायचं ते ठरवीन.

सिद्धूला फोन केला. म्हणालो, "टेम्पो बरेच दिवस दिसला नाही." तर म्हणतो, "काय आणायचंच न्हाय तात्या, तर टेम्पो कशाला दिसंल?" आणि हसला. कशाला हसला ते कळलं नाही. तेव्हापासून तो हसलेला कानातून जात नाही.

रविवारी जाऊन बघतो.

नागपूरला ऊन फार असतं म्हणतात. मामांकडं कूलर आहे, पण त्याच्या मोटारीत तेल घालायला त्यांना कधी सुचायचं नाही. आवाज करत असेल तर मागचं झाकण काढून दोन थेंब घाल. मशीनचं तेल. खोबरेल नव्हे.

आप्पा


निमगाव केतकी
२२ जून

चि. निकिता,

बावड्याहून आलो आणि हातपाय न धुता लिहायला बसलो. आई दोनदा ओरडली.

बानूबाईच्या मळ्यात गेलो. कांदाचाळीच्या सावलीत भेंडी निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "गोकुळतात्या? आज बिगर मोटारीचं कसं काय येणं केलं?"

मी सरळ विचारलं, "बावड्यात कुणी नवीन रिवाइंडिंगवाला आलाय का?"

"न्हाय बा."

"मग इंदापूरला टाकता?"

"काय टाकतो?"

"जळालेल्या मोटारी."

"तात्या, जळल्याच न्हाईत, तर टाकायच्या काय? लोणच्यात?"

बानूबाई भेंडीची पाटी बाजूला सारून पोट धरून हसायला लागल्या. "गावात कोण आजारी पडंना, म्हणून डॉक्टर दारोदार चौकशी करत हिंडावा, तशी गत झाली की हो तुमची! अनं तुमच्याच पोरीनं लावलंय हे समदं. म्हायती न्हाई व्हय तुमाला?"

मी म्हणालो, "थोडं माहीत आहे." माहीत काहीच नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. तुला ते माहीतच आहे, तरी लिहितो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात काही बसत नाही. सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो होते. लाईट आली की नऊच्या नऊ मोटारी एकदम उठायच्या. विजेचा दाब खाली पडायचा, मोटारी घोंघावत राहायच्या आणि जळायच्या. हे मी त्यांना गेली किती वर्षं सांगतो आहे. "ऑटो काढा" असं दुकानात पाटी लावून ठेवलं आहे. कुणी काढला नाही. प्रत्येकाला वाटायचं, मी काढला आणि बाकीच्यांनी नाही काढला तर पाणी त्यांना आणि मी कोरडा.

बानूबाई म्हणाल्या, "तुमी वराडायचा, तात्या. पोरीनं वराडलं न्हाय. तिनं ह्या चाळीच्या दारात नऊ जणांना हुभं केलं. म्हणली, मी शिट्टी मारली की समद्यांनी एकदम आत शिरायचं. मारली शिट्टी! सिद्धूचा खांदा सोलला, आमच्या धाकल्या दिराची टोपी तुडवली, जयवंता तर चौकटीतच अडकली, आत बी न्हाय अनं भाईर बी न्हाय. मग म्हणली, आता एकेक जण या. समदे आत. म्हणली, तुमची लाईट ह्या दारासारखी हाय."

हे नाटकाच्या वर्गात शिकवतात का? मी विचारणार होतो. पण बानूबाईंना काय ठाऊक.

"लगीच ऐकलं असं बी न्हाय," त्या म्हणाल्या. "पयला नंबर कुणाचा, यावरनं चार बैठका झाल्या. एका बैठकीत सिद्धू उठून गेला, तर पोर त्याच्या मागं बांधापतुर चालत गेली. घेऊनच आली माघारी. शेवटी असं ठरलं, पयला नंबर दर आठवड्याला फिरता, अनं कुणाचं पीक वाळाय लागलं तर त्याला मधी घ्यायचं."

तेवढ्यात लाईट आली. बानूबाईंनी भेंडीचे हात पदराला पुसले, फोन तोंडाजवळ धरला आणि ग्रुपवर बोलल्या, "आली गं लाईट! सिद्धू पयला. जयवंता, तू थांब, मागच्या हप्त्यात तुझा झालाय, लबाडी करू नको."

आणि मोटारी उठल्या. एक. मग मध्ये थोडी शांतता. मग दुसरी. परत शांतता. मी चाळीच्या खांबाला धरून उभा होतो. सगळ्या माझ्या हातच्या मोटारी. मी त्यांना आवाजावरून ओळखतो. एकेकीनं दम घेऊन उठावं तशा उठल्या. एकीनंही घोंघाट केला नाही. वीस-बावीस वर्षं मी त्यांना जळाल्यावरच बघत आलो. अशा नीट उठताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, "निकिता किती वेळा आली होती? किती वेळ थांबायची?"

"आमी काय घड्याळ घेऊन बसलो व्हतो व्हय? यायची सकाळच्या टेम्पोनं. जायची जेवून."

घरी येऊन कॉलेजच्या कागदाची माझ्याकडची प्रत काढली. वरच्या ओळीत काय मोजायचं ते ठळक छापलेलं आहे, समाज-सहभाग. मी ती ओळ वाचली होती, पण डोळे आकड्याच्या रकान्याकडं धावले. मी वेढे भरलेले तास मोजले.

याला मी चूक म्हणत नाही. माप अपुरं होतं, असं म्हणतो.

आप्पा


निमगाव केतकी
२८ जून

चि. निकिता,

अनसूया मॅडमकडं पुन्हा जाऊन आलो. या खेपेला वार्निशचं नाव सांगितलं नाही. आईला म्हणालो, निकिताच्या कामाला चाललोय. तिनं डबा बांधून दिला. दोन पोळ्या जास्त होत्या.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मध्येच म्हणाल्या, "हाच तर प्रकल्प होता, तात्या. तिच्या अहवालात हे सगळं आहे. पण दाखला तुमचा, आणि तुम्ही एकेचाळीसवर शिक्का मारलात."

आता अडचण अशी की बावड्याचे तास कुणीच मोजलेले नाहीत. मोजल्याशिवाय मी आकडा लिहू शकत नाही. गाडीत मी एक हिशेब केला होता, तो मॅडमपुढं ठेवला. म्हणालो, "या हंगामात त्या डीपीवरच्या सात मोटारी जळायच्या राहिल्या. एक मोटार भरायला माझे दहा तास जातात. म्हणजे माझे सत्तर तास वाचले. ते निकिताच्या खात्यात वळते करा. कॉलेज बदललं तर क्रेडिट वळतं होतं, मग बापाचे तास का होऊ नयेत?"

मॅडम डोळ्याला पदर लावून हसल्या. "तात्या, क्रेडिटची बँक अजून एवढी पुढं गेलेली नाही."

मग त्यांनी मार्ग सांगितला. आठ जुलैला सकाळी अकरा वाजता तुझी तोंडी परीक्षा लावतात. त्या आणि आणखी एक सर. गावातला एक माणूस साक्षीला हवा. बानूबाई तयार आहेत. म्हणाल्या, "कालेज बघायचं राहिलंच व्हतं माझं." मार्गदर्शक म्हणून मी हवा. आणि तू स्वतः समोर हवीस. फोनवरून चालत नाही, मी विचारलं.

म्हणजे सगळं तुझ्या येण्यावर आहे. आलीस तर दहा तारखेच्या आत दुरुस्ती होईल आणि पंधराच्या आत नागपूरला शिल्लक दिसेल. नाही आलीस तर रकाना रिकामा राहील, आणि तो माझ्यामुळं राहिला असं तू जन्मभर म्हणशील. म्हण. पण ये.

नागपूरची गाडी दौंडला थांबते. तिथून बारामतीला गाड्या आहेत. मी दौंडला न्यायला येणार नाही. मी आलो तर तू बोलणार नाहीस, आणि एवढा वेळ कुणाशेजारी न बोलता बसणं मला जमत नाही, उगाच काहीतरी बोलून बसेन.

नवा दाखला लिहून ठेवला आहे. नाव, विषय, शेरा, सगळं. आकड्याची जागा कोरी आहे. कोऱ्या जागेवर खाली सही करायची माझी सवय नाही, म्हणून सहीही केलेली नाही. रोज तो कागद काढून बघतो आणि परत ठेवतो.

हे पत्र स्पीड पोस्टानं. यशराज म्हणाला, "आता घाई झाली व्हय तात्या?" म्हणालो, "झाली."

आप्पा


निमगाव केतकी
१३ जुलै

चि. निकिता,

काल आईच्या फोनवर ऐकलं. नेहमीसारखंच, पडवीतून. खात्यात दोन क्रेडिट दिसली, नागपूरला प्रवेश झाला. आईनं शेजारीपाजारी साखर वाटली. मला दोनदा दिली, विसरली असेल.

आठ तारखेचं तुला सगळं माहीत आहे. माझ्या बाजूनं कसं दिसलं ते माहीत नाही, म्हणून लिहितो.

सिद्धूच्या टेम्पोतून आम्ही दहालाच पोचलो. बानूबाईंनी मॅडमसाठी भेंडीची पिशवी आणली होती आणि ती कुठं ठेवायची या काळजीत त्या होत्या. मी फाटकाकडं बघत नव्हतो. बानूबाईच ओरडल्या, "ती बघा आली! मामा बी हाय. वाळली की हो पोर, नागपुरात जेवाय घालत न्हाईत का काय?" तू लांबून त्यांना हात केलास. मी हातातला कागद नीट करत होतो. तो नीटच होता.

आत त्या दुसऱ्या सरांनी बानूबाईंना विचारलं, "या प्रकल्पाचा समाजाला काय लाभ झाला?" बानूबाई म्हणाल्या, "समाजाचं मला ठावं न्हाय सायेब. माझी मोटार जळंना." सरांनी ते लिहून घेतलं. तू दाराचं नाटक सांगायला लागलीस तेव्हा उभी राहून सांगितलंस, आणि चौकटीत अडकलेली जयवंता करून दाखवलीस. मी तुला असं कधी बघितलं नव्हतं. मी खाली बघत होतो असं तुला वाटलं असेल. अधूनमधून बघत होतो.

मग मॅडम म्हणाल्या, "आता तास सांग."

तू म्हणालीस, "बाकावरचे एकेचाळीस. ते आप्पांनी मोजलेत, म्हणजे बरोबरच असणार. बावड्याचे सतरा."

सर म्हणाले, "अठ्ठावन्न झाले. ठीक आहे, साठ धरू."

"नको सर. दोन कमी आहेत. आज बावड्याला जाऊन करते आणि उद्या दाखला आणून देते."

बानूबाई म्हणाल्या, "अगं ए, सायेब देतो म्हणत्यात तर घे की!" मामा म्हणाले, "निकू, संध्याकाळची गाडी आहे आपली. तिकिटं काढलीत." तू म्हणालीस, "मामा, तुम्ही व्हा पुढं. मी उद्या येते."

मॅडम तुझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "एकेचाळीसवाले, तुमचीच आहे."

टेम्पोत बानूबाई मध्ये बसल्या. इंदापूर येईपर्यंत आपण दोघं बोललो नाही. पण दोघांच्या वाटणीचं त्या एकट्याच बोलल्या. तुला विचारायच्या, "आप्पाला विचार, ऊन लागतंय का," आणि मला सांगायच्या, "पोर म्हणती, लागत असंल तर लागू द्या."

बावड्यात तू दोन तास काम केलंस. शेजारच्या डीपीवरचे लोक आले होते, त्यांना तसंच हवं होतं. सिद्धूनं गुपचूप ऑटो परत लावला होता, तो तू सगळ्यांसमोर काढायला लावलास. एक जण माझ्याकडं वळून म्हणाला, "तात्या, तुमी सांगा, पाच मिनिटाचं अंतर पुरतं का?" मी म्हणालो, "तिला विचारा." हे बोलायला मला किती जड गेलं ते तिथल्या कुणाला कळलं नाही. तुला कळलं. तू वळून बघितलंस.

मग घरी. तू जेवलीस, आईशी बोलत बसलीस, तुझ्या जुन्या जागेवर झोपलीस. सकाळी उठून आधी दुकानात आलीस, बाकावरची अर्धी भरलेली मोटार बघितलीस आणि माझ्या हातातून तार घेऊन उरलेली खाच भरलीस. ते तास कुठं धरायचे नाहीत ना? मी धरले नाहीत.

दाखल्यावर मी साठ लिहिले. सही केली. तू कागद उन्हात धरून वाचलास आणि म्हणालीस, "आप्पा, सही जरा वाचता येईल अशी करत जा." एप्रिलनंतरचं तुझं मला सरळ बोललेलं पहिलं वाक्य. त्याचीही तारीख माझ्याजवळ आहे.

तिसऱ्या वर्षी जो बाहेरचा विषय घ्यायचा असेल तो घे. मला विचारायची गरज नाही. घेतल्यावर सांग मात्र.

तुझा
आप्पा

ता. क. सिद्धूच्या टेम्पोच्या बावड्याच्या फेऱ्या माझ्याच कामाच्या असतात, त्या मला तोंडपाठ आहेत. सकाळी जाऊन जेवून परत, असा प्रत्येक फेरीचा हिशेब मांडला (दाखल्यात मी असा अंदाज लिहीत नाही) तर बावड्याचे तुझे तास सतरावर थांबत नाहीत. बरेच वर जातात. म्हणजे मॅडमच्या खोलीत बसल्या जागी तुझे साठ भरलेले होते. बावड्याला जायची आणि रात्री निमगावात राहायची गरज नव्हती. तू सतरा म्हणालीस त्या क्षणीच हे माझ्या लक्षात आलं होतं. मी गप्प बसलो. तुझी मोजणी चुकत नाही. ती मी शिकवलेली आहे.